विक्रेत्यांचा उत्साह



विक्रीखात्यात माझी तीस वर्षे गेली. प्रत्येकाचे आकडे दरमहा सर्वांसमक्ष वाचले की मागे पडलेला आपोआप धावू लागतो, अशी माझी समजूत होती. एका होतकरू तरुणाने महिनाअखेरीस खोट्या मागण्या नोंदविल्या. त्याची नोकरी गेली, माझी मात्र राहिली! अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेतही विक्रीच्या उद्दिष्टांपायी ग्राहकांच्या नकळत खाती उघडली गेली. त्यापायी सुमारे ५,३०० नोकरांना काढल्याचे २०१६ साली उघड झाले.

पुढे मी ते जाहीर वाचन बंद केले आणि मुलांबरोबर दुकानोदुकानी हिंडू लागलो. दुकानदार त्यांच्यावर नव्हे, आमच्या गोदामावर रुष्ट होते. माल आठ-आठ दिवस उशिरा पोहोचत असे. त्या तरुणाने हे मला दोनदा सांगितले होते.