स्वागताध्यक्षांचे मनोगत



प्रोस्टेटच्या कर्करोगातील सुरुवातीचे जनुकीय बदल, हा परिषदेचा विषय गोंडपिपरीसारख्या तालुक्याच्या गावी कशाला, असं काहींनी विचारलं. हा रोग इथल्या माणसालाही होतो. त्याबद्दलचं ज्ञान मात्र बहुतांशी दूरदेशीच्या रुग्णांवरून आलं आहे. म्हणून इथे.

2005 साली मिशिगन विद्यापीठात अरुल चिन्नय्यन यांच्या गटाने दाखवलं, की या कर्करोगात एकविसाव्या गुणसूत्रावरची टीएमपीआरएसएस2 आणि ईआरजी ही दोन जनुकं एकमेकांना जोडली जातात. पहिलं पुरुषी संप्रेरकाच्या हुकमाने चालतं. जोड झाली की दुसरंही त्याच हुकमाने चालू लागतं. एका शेताचा पाट फुटून पाणी भलत्याच शेतात शिरावं, तसं. रोगाच्या अगदी आरंभीच हे घडतं. युरोप-अमेरिकेत जवळपास निम्म्या रुग्णांत हा जोड सापडतो, चीन-जपानमध्ये बराच कमी. जीएसटीपी1 हे पेशीला जपणारं जनुक तर बहुतेक रुग्णांत लवकरच बंद पडतं.

एका देशाचं प्रमाण दुसऱ्याला लागू पडत नाही, तेव्हा वर्धा-वैनगंगेच्या खोऱ्यातला माणूसही नोंदीत आला पाहिजे. महाराष्ट्राला हे नवं नाही. मुंबईत 1963 साली कर्करोग नोंदणी सुरू झाली, 1987 साली बार्शीने ती खेड्यापाड्यांत नेली. मात्र जनुकीय तपासणीसाठी नमुना घेताना त्या माणसाला त्याच्या भाषेत, मग ती गोंडी असो, माडिया असो की तेलुगू, सगळं समजावून संमती घ्यावी, हा माझा आग्रह आहे.

ज्येष्ठांनो, रात्री वारंवार लघवीला उठावं लागतं म्हणून घाबरू नका; बहुतेकदा ती साधी ग्रंथिवाढ असते. पण अंगावरही काढू नका. सुरुवातीचा कर्करोग बहुधा त्रास देतच नाही, आणि सापडला तरी अनेकदा सावकाश वाढतो. काहींना नियमित तपासण्या पुरतात.

आशाताई, तुमच्याकडे एक मागणं. बीआरसीए2 या जनुकातला दोष स्त्रियांना स्तनाचा व अंडाशयाचा, तर पुरुषांना प्रोस्टेटचा धोका देतो, आणि तो आईकडूनही मुलाकडे येतो. म्हणून पुरुषाची माहिती लिहिताना त्याच्या आई-बहिणींना, मावशी-आत्यांना झालेल्या कर्करोगाचीही चौकशी करा आणि वहीत जरूर लिहा.