यंत्र आपले, हुकूम परक्याचा
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



या अभ्यासवर्गात मी संगणकाविषयी बोलावे असे सुचवण्यात आले, तेव्हा मी थोडा कचरलो. मी यंत्रज्ञ नव्हे. अर्थशास्त्र शिकवण्यात माझी उमर गेली. पण जमिनीचा प्रश्न आपण कधी केवळ शेतीतज्ज्ञांवर सोपवला नाही. मग हा प्रश्न तरी यंत्रज्ञांवर का सोपवावा, असा विचार करून मी उभा राहिलो आहे.

एका अलीकडच्या घटनेपासून सुरुवात करतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली बाजारात आणलेल्या विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणक सुरू करताच जागी होणारी ती मूळ प्रणाली, जिच्या संमतीवाचून यंत्रात पुढचे एकही काम होत नाही. देखभाल थांबली म्हणून यंत्र त्याच दिवशी बंद पडत नाही. परंतु प्रणालीत नव्याने सापडणाऱ्या दोषांची दुरुस्ती होत नाही, आणि इंटरनेटला जोडलेले ते यंत्र दिवसेंदिवस असुरक्षित होत जाते. विंडोज ११ घ्या, असे कंपनी म्हणते. पण ही नवी प्रणाली साधारणतः २०१७-१८ पूर्वीचे प्रोसेसर असलेली यंत्रे अधिकृतपणे स्वीकारतच नाही. कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३ साली असा अंदाज केला होता की, यामुळे जगातील सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील. त्यांतील बहुतेकांत बिघाड असा काही नाही. त्यांचे आयुष्य यंत्राच्या झिजेने ठरले नाही, दूरच्या एका कंपनीच्या वेळापत्रकाने ठरले.

व्यक्तिगत ग्राहकांना कंपनीने एका वर्षाची मुदतवाढ देऊ केली. त्यासाठी एक तर ३० डॉलर भरायचे, नाही तर कंपनीकडे खाते उघडून आपल्या यंत्रातील मांडणीची नक्कल तिच्या गोदामात ठेवायची. युरोपात मात्र ग्राहक संघटना भांडल्या, आणि तेथे नकलेची ही अट काढून मुदतवाढ विनामूल्य देण्यात आली. संघटित ग्राहक आणि असंघटित ग्राहक यांच्यातील फरक समजावून सांगायला मला याहून चांगले उदाहरण मिळाले नसते.

आता यातील अर्थशास्त्र पाहू. प्रणालीची पहिली प्रत तयार करायला हजारो कुशल कामगारांचे श्रम लागतात आणि त्या श्रमांचा मोबदला त्यांना मिळालाच पाहिजे. परंतु दुसरी प्रत, दहा लाखावी प्रत काढायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. तरीही प्रत्येक प्रतीचा आकार वसूल होत राहतो. रिकार्डोने जमिनीच्या संदर्भात ज्याला खंड म्हटले, त्याच जातीचे हे उत्पन्न आहे. ते श्रमातून येत नाही, मोक्याची जागा अडवून बसल्याने येते.

ही जागा अडवली कशी गेली? १९८१ साली आय.बी.एम.ने आपला छोटा संगणक बाजारात आणला, त्यासाठीची प्रणाली मायक्रोसॉफ्टने सिॲटलच्या एका लहान कंपनीकडून विकत घेऊन पुरवली होती. मात्र तीच प्रणाली इतर उत्पादकांना विकण्याचा हक्क तिने स्वतःकडे ठेवला. पुढे यंत्रे बनवणारे डझनावारी झाले, स्पर्धेने यंत्रांच्या किमती कोसळल्या; पण टोलनाका एकच राहिला. उत्पादकांशी केलेल्या करारांत तर अशी कलमे होती की, यंत्रावर मायक्रोसॉफ्टची प्रणाली असो वा नसो, विकल्या गेलेल्या प्रत्येक यंत्रामागे कंपनीला आकार द्यावा. अमेरिकी न्यायखात्याच्या कारवाईमुळे १९९४ साली ही प्रथा बंद झाली. तोवर बाजार हातात आला होता. ज्याला मुक्त स्पर्धा म्हणतात तिची ही कथा आहे.

हा केवळ पैशाचा प्रश्न आहे असे मात्र समजू नका. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने गुजरातेतील वाडिनार येथील नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीवर निर्बंध घातले. तिच्यात रशियन भांडवल आहे. पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा तोडल्या; कंपनीला आपलाच पत्रव्यवहार पाहता येईना. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली, त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. या कंपनीविषयी मला ममत्व नाही. पण हे निर्बंध भारताने घातले नव्हते की संयुक्त राष्ट्रांनी. आज एका उद्योगाचे जे झाले, ते उद्या एखाद्या रुग्णालयाचे किंवा जिल्हा कचेरीचे होणार नाही याची हमी कोण देणार?

आपल्या पक्षपरंपरेला हा प्रश्न नवा नाही. साठीच्या व सत्तरीच्या दशकांत आय.बी.एम. आपली इतरत्र जुनी झालेली यंत्रे येथे आणून भाड्याने देत असे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी भागभांडवल ४० टक्क्यांवर आणण्याचा आग्रह सरकारने धरला. जनता राजवटीत जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना तो ढिला पडला नाही, तेव्हा १९७८ साली आय.बी.एम.ने येथील कारभार गुंडाळला. त्या यंत्रांची देखभाल कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन या सार्वजनिक कंपनीने पत्करली आणि आपल्या तंत्रज्ञांनी ती निभावली. पुढे २००१ साली हीच कंपनी निर्गुंतवणुकीत टाटांच्या हाती गेली, हेही विसरू नये. त्या काळी यंत्रच भाड्याचे होते. आज यंत्र आपण विकत घेतो आणि त्यावरचा हुकूम भाड्याने घेतो.

याला पर्याय आहे काय? आहे, आणि तो कागदावरचा नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जी.एन.यू. प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली लिनस टोर्व्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. या प्रणालींची संहिता कोणीही वाचावी, सुधारावी आणि वाटावी. मात्र सुधारून वाटताना तोच हक्क पुढच्याला द्यावा, अशी तिच्या परवान्याची अट आहे. गावच्या गायरानाला कुंपण घालता येऊ नये अशी ही तजवीज आहे.

केरळने २००१ साली शाळांसाठी संगणकशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला आणि पुढे तो मुक्त प्रणालीवर नेला. हजारो शिक्षकांना प्रशिक्षण दिले, मल्याळममध्ये प्रणाली सिद्ध केली. दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांवर मुक्त प्रणाली वापरल्याने सुमारे ३,००० कोटी रुपये वाचतील, असे तेथील यंत्रणेने २०१९ साली सांगितले. माझ्या मते, बचतीहून मोठी कमाई म्हणजे स्वतःचे यंत्र स्वतः सांभाळू शकणारा शिक्षक.

अडचणी लपवण्यात अर्थ नाही. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ साली लिनक्सचा निर्णय घेतला, तो तडीस नेला, आणि २०१७ साली विंडोजकडे परतण्याचे ठरवले. राजकीय पाठबळ सरले की तंत्राचा निर्णयही टिकत नाही, असा धडा मी त्यातून घेतो. आपल्याकडेही छपाईची कामे, हिशेबाची पॅकेजेस, जुने प्रिंटर यांची कुरबुर होईल. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. पण धोरणामागे रेटा नसेल तर ते फायलीतच राहते.

माझाच एक अनुभव सांगतो. नव्वदीच्या दशकात संगणकावर टंकलेले माझे लेख आज उघडले तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे उमटतात, कारण ते एका विक्रेत्याच्या खासगी फाँटमध्ये बांधलेले होते. मजकूर माझा, भाषा मराठी. पण किल्ली विक्रेत्याकडे. युनिकोडसारखे खुले मानक आल्यावर ही कैद सुटली.

शेवटी थोडे आपल्याविषयी. आपल्या कितीतरी कचेऱ्यांत चोरीच्या प्रतींवर काम चालते, आणि काहींना त्यात भांडवलशाहीविरुद्ध बंड केल्याचे समाधानही मिळते. हा भ्रम आहे. चोरून वापरणारा त्या प्रणालीची सवय लावून घेतो, इतरांना लावतो, आणि मक्तेदारीचीच हद्द वाढवतो. विना परवाना कसले म्हणून कोणी जमिनीचा मालक होत नाही. त्यासाठी कूळकायदा व्हावा लागला, आणि त्यामागे चळवळ होती.

म्हणून तीन कामे सुचवतो. जिल्हा परिषदेच्या शाळांतील आणि ग्रंथालयांतील किती संगणक केवळ प्रणालीअभावी पडून आहेत, याची आपापल्या तालुक्यात मोजणी करा. सार्वजनिक पैशाने होणारी खरेदी खुल्या प्रणालीवर व्हावी, अशी मागणी सभांतून आणि निवेदनांतून लावून धरा. आणि त्याआधी पक्षकचेरीतील एक जुना संगणक लिनक्सवर चालवून दाखवा. आपण स्वतः जे वापरत नाही ते लोकांनी वापरावे, असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

एवढे बोलून मी थांबतो.