केशगळती : शरीराने दिलेली सूचना

(रुग्णालयाच्या आरोग्य व्याख्यानमालेत मारुंजी, ता. मुळशी येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



केसांसारखा विषय रुग्णालयाच्या व्यासपीठावर कशासाठी, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. हृदयविकार, मधुमेह, कर्करोग अशी मोठी दुखणी समोर असताना केसांची काय कथा, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कागदाच्या पुडीत गळालेले केस बांधून आणणाऱ्या आणि ती पुडी टेबलावर ठेवताना डोळ्यांत पाणी येणाऱ्या भगिनी ज्याने पाहिल्या आहेत, तो डॉक्टर या तक्रारीला क्षुल्लक म्हणणार नाही.

आपल्या मारुंजीचेच पाहा. शेजारी हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञान नगरी वाढली आणि येथील शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. नव्या सदनिकेत राहावयास आलेला तरुण म्हणतो, ‘टँकरच्या पाण्याने केस गळतात.’ जुन्या वस्तीतील मावशी म्हणतात, ‘मुलीच्या लांब वेणीला दृष्ट लागली.’ दोघेही आपापल्या परीने कारणच शोधत असतात. जड, क्षारयुक्त पाण्याने केस रूक्ष होतात, तुटतात, हे खरे; परंतु मुळापासून होणाऱ्या गळतीचे कारण बहुधा अन्यत्र असते.

निसर्गाचा हिशेब थोडक्यात सांगतो. डोक्यावर साधारणतः एक लाख केस असतात. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळून नव्याला जागा करून देतो. दिवसाला ५० ते १०० केस गळणे हा रोग नव्हे. मात्र डेंग्यूसारखा तीव्र ज्वर, मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण, कडक उपवास किंवा मनावरील आघात यांमुळे असंख्य केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. बाळ आईला ओळखू लागले की आईचे केस गळतात, असे आजीबाई सांगत, ते याच हिशेबात बसते. ही गळती बहुधा आपोआप थांबते. तोवर धीर देणारे कोणी जवळ असावे लागते.

कारण शोधणे किती मोलाचे असते, हे बुलढाणा जिल्ह्याने आपल्याला शिकविले. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव परिसरातील गावांत लोकांच्या डोक्याला आधी खाज सुटे, मग केस हाती येत आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडे. १८ गावांतील २७९ जणांना हा त्रास झाल्याची नोंद झाली. त्यांत महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीही होत्या. लाजेने कित्येकांनी मुंडन करून घेतले आणि घराबाहेर पडणे सोडले. प्रथम संशय आला तो पाण्यावर आणि बुरशीवर. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले महाडचे पद्मश्री डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रुग्णांचे रक्त, मूत्र व केस आणि घरातील गहू यांचे नमुने तपासून घेतले. रुग्णांच्या शरीरात सेलेनियम फार वाढलेले आणि जस्त कमी झालेले त्यांना आढळले. शिधावाटपातून आलेल्या परराज्यातील गव्हाकडे त्यांनी बोट दाखविले. एप्रिल २०२५ मध्ये त्या भागातील काहींची नखेही गळू लागल्याची वृत्ते आली. सेलेनियम शरीराला कणभर हवे असते. अति झाले की केस आणि नखे दोन्ही जातात. चीनच्या हुबेई प्रांतात १९६० च्या दशकात असेच घडले होते. केस व नखे हे अस्थिधातूचे मल होत, असे आयुर्वेद सांगतो. दोहोंचा एकत्र विचार करण्याची दृष्टी आपल्या परंपरेत होती, एवढेच येथे नमूद करतो.

त्या गावांत कोणी कितीही उत्तम तेल लावले असते, तरी उपयोग काय होता?

बुलढाण्यातील प्रसंग दुर्मीळ होता. आपल्या घरातील कारण मात्र फार परिचयाचे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. सर्वांना वाढून उरलेले खाणारी, मासिक पाळीत अधिक रक्तस्राव होत असूनही कोणाला न सांगणारी गृहिणी थकवा सोसते, धाप लागणेही सोसते. केस गळू लागले म्हणजे प्रथम दवाखान्याची पायरी चढते. तिच्या केसांनी तिला येथवर आणले, असे मी मानतो. तिला तेलाची बाटली देऊन परत पाठविणे म्हणजे तो निरोप न वाचताच फाडून टाकणे होय. हिमोग्लोबिन, शरीरातील लोहाचा साठा आणि थायरॉइड यांच्या साध्या तपासण्यांतून पुष्कळदा खरा आजार उघड होतो.

समग्र उपचार याचा अर्थ दहा उपाय एकाच वेळी करणे असा नव्हे. माणसाकडे पूर्ण पाहणे असा आहे. आहारात डाळी, कडधान्ये, हिरव्या पालेभाज्या आणि त्यांसोबत लिंबू किंवा आवळा असावा. झोप पुरेशी असावी. टाळू स्वच्छ असावी, वेणी वा अंबाडा ओढून घट्ट बांधू नये. माका, जास्वंद घालून कढविलेल्या तेलाने हलक्या हाताने मालिश केल्यास स्वस्थता लाभते, केस मऊ राहतात. परंतु रक्तक्षय किंवा थायरॉइडचा विकार तेलाने बरा होत नाही. वंशपरंपरेने येणाऱ्या टक्कलावर आधुनिक औषधे आहेत; ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. अकस्मात चाई पडल्यास, टाळूवर पू, वेदना वा व्रण दिसल्यास विलंब करू नये; व्रणाने नष्ट झालेले केसांचे मूळ पुन्हा उगवत नाही.

कुटुंबीयांना एक विनंती. कर्करोगावरील औषधांनी केस गेलेल्या माऊलीला ‘जीव वाचला, केसांचे काय एवढे?’ असे म्हणू नका. आरशासमोरचे तिचे दुःख खरे आहे. उपचार संपल्यावर काही महिन्यांत केस बहुधा पुन्हा येतात, हे तिला सांगा, आणि तोवर तिच्याजवळ बसा.

देणगीदार बंधूंनो, आपल्या देणगीतून दुर्बल रुग्णाची एखादी रक्ततपासणी होते, तेव्हा त्या अहवालावर आपले नाव छापलेले नसते. परंतु पुडी घेऊन आलेली ती भगिनी आपल्या दुखण्याचे कारण समजून घेऊन घरी जाते, ते आपल्यामुळेच. त्याबद्दल रुग्णालयाच्या वतीने कृतज्ञता व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.