नव्या पांखराची पहिली रात्र

श्रोतेहो, आज पोपटाविषयीं बोलावयाचें नाहीं. आपल्या रानांतला पोपट पिंजऱ्यांत कोंडणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें निषिद्ध आहे, आणि तें योग्यच आहे. बोलावयाचें आहे तें कॉकटील या तुरेवाल्या ऑस्ट्रेलियन पक्ष्याविषयीं.

नव्या घरीं तो दिवसा रमलेला दिसतो. मध्यरात्रीं मात्र एकाएकीं पिंजऱ्यांत धडपड ऐकूं येते. ही भूतबाधा नव्हे! भ्याल्याबरोबर उडून जावें ही मोकळ्या माळावरील थव्याची उपजत संवय. तेथें भोंवतीं आकाश असतें, येथें तारा. अंधारांत दांडी दिसत नाहीं, म्हणून तो पुनः पुनः आपटतो. वाढत्या कोवळ्या पिसांत रक्त असतें. तीं मोडलीं कीं तें वाहूं लागतें.

कित्येक घरीं मायेपोटीं पिंजऱ्यास चहूंकडून जाड चादर लपेटतात. मराठवाड्याच्या वैशाखांत ती चादर म्हणजे भट्टीच. तीन बाजूंस पातळ सुती कापड पुरे. चौथी मोकळी ठेवावी आणि दूर एक मंद दिवा जळूं द्यावा. नायगाव पडलें नांदेड-देगलूर रस्त्यावर. मोटारींचे झोत ज्या खिडकींतून भिंतीवर फिरतात, तिच्याजवळ पिंजरा नको. रोज ठराविक वेळीं निजवून १०-१२ तास शांतता द्यावी.

धडपड झालीच तर लगेच आंत हात घालूं नये. प्रथम दिवा लावावा, हलक्या आवाजांत बोलत राहावें, पांखरूं दांडीवर स्थिर होईपर्यंत थांबावें. रक्त दिसल्यास स्वच्छ कापसानें हळूच दाबून धरावें. थांबेना तर उजाडण्याची वाट न पाहतां पशुवैद्यास गांठावें.