दुसऱ्यांदा पोट उघडल्यावर

मी निवृत्त कर्नल, वय ६६. मूळ सातारा जिल्ह्यातला, आता बेंगळुरूकर. माझ्या पोटावर छातीखालून ओटीपोटापर्यंत एक उभी रेघ आहे. ती दोनदा उघडली गेली. आज दुसऱ्या वेळेबद्दल बोलतो.

आजाराचं नाव सुडोमिक्सोमा पेरिटोनी. वर्षाला १० लाखांत १ ते ४ जणांना होतो. सुरुवात बहुधा अपेंडिक्समध्ये. तिथली गाठ फुटते आणि पोटभर जेलीसारखा द्रव साचत जातो. माझे आठ महिने हर्निया समजण्यातच गेले. पोट वाढत होतं, मी म्हणायचो, पेन्शनीचं सुख. अभिनेत्री ऑड्री हेपबर्न १९९३ साली याच आजारानं गेली. पुढे वॉशिंग्टनचे सर्जन पॉल शुगरबेकर यांची पद्धत रुळली: दिसेल तेवढं सगळं काढायचं, मग ४२ अंशांच्या आसपास गरम केलेलं केमोचं औषध तास-दीड तास पोटात फिरवायचं.

पहिल्या वेळी मी ते मोहिमेसारखं घेतलं. तारीख ठरली, लढलो, जिंकलो. चार वर्षांनी स्कॅनमध्ये यकृताच्या कडेला पुन्हा तेच दिसलं. मी घरी सांगून टाकलं, आता नाही.

बायको वाद घालत बसली नाही. तीन दिवस फक्त भाजी कुठली करू एवढंच विचारत होती. चौथ्या दिवशी म्हणाली, "नको तर नको. पण दमलात म्हणून नको, की घाबरलात म्हणून, तेवढं मला सांगा."

घाबरलो होतो. सीमेवर असताना पुढे काय होणार ते माहीत नसायचं. इथे सगळं माहीत होतं: नाकातली नळी, घशाला पडलेली कोरड, पाण्याचा एक घोट मिळावा म्हणून घड्याळाकडे बघणं.

शेवटी तयार झालो. पहिल्या ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना चिकटतात, ती सोडवण्यातच बराच वेळ जातो. एकूण ११ तास लागले. नंतर आतडी जणू संपावर. रोज सकाळी नर्स कानडीत विचारायची, "गॅस होय्ता, सर?" नवव्या दिवशी होय म्हणालो, तर तिनं अख्ख्या वॉर्डाला सांगितलं! इतकं जाहीर कौतुक पदक मिळालं तेव्हाही झालं नव्हतं.

वजन ७८ वरून ६१. मऊ भात आणि ताक, तेही दोन-दोन तासांनी वाटीभर. उठायची रीत फिजिओथेरपिस्टनं शिकवली: आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हातानं रेटा द्यायचा. सरळ उठून बसायला गेलात, तर टाके आठवण करून देतात. तीन महिने पोटाला पट्टा होता. पाण्याचा २० लिटरचा कॅन शेजारचा कॉलेजातला मुलगा चढवून द्यायचा. पहिल्यांदा तो आला तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन बसलो. आता दारात उभा राहून त्याला चहा विचारतो.

सध्या हलसूर तळ्याकाठी रोज चालतो, मध्ये एकदा बाकावर बसतो. पुढचा स्कॅन ऑगस्टमध्ये आहे. घाबरलोय, हे बायकोला या वेळी आधीच सांगून ठेवलंय.