जुना संगणक आणि संपलेलं लायसन



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात बचतगटाचं काम आता महिन्याच्या बचतीपुरतं राहिलं नाही. कुठे तूरडाळ, कुठे मसाले, कुठे शिवणकाम. बिलं करावी लागतात, बँकेला हिशोब दाखवावा लागतो. नवा संगणक परवडत नाही, म्हणून पुष्कळ गट एखाद्या कंपनीने काढून टाकलेला जुना संगणक घेतात. त्यात काही वाईट नाही. पण काही महिन्यांनी पडद्यावर ‘लायसन एक्स्पायर्ड’ अशी पाटी येते आणि पोटात गोळा उठतो. वर्षाचा हिशोब गेला की काय?

आमच्या ग्रामसंघात ही पाटी ऐन मार्चमध्ये आली. सगळ्या गटांच्या कर्जाच्या नोंदी त्यात होत्या. दुरुस्तीवाला म्हणाला, सगळं पुसून नवीन टाकतो. आम्ही म्हटलं, थांबा भाऊ, आधी हिशोब बाहेर काढू.

हीच पहिली गोष्ट लक्षात ठेवा. लायसन संपतं ते प्रोग्रामचं, आपल्या नोंदींचं नाही. ऑफिसची मुदत संपली तरी फाइल उघडते, छापताही येते, फक्त बदल करता येत नाही. म्हणून आधी सगळ्या फाइली दोन पेनड्राइव्हवर घ्या. एक कार्यालयात, एक सचिवाच्या घरी.

दुसरं, संगणकाची तारीख बघा. जुन्या संगणकातली बटणासारखी छोटी बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि लायसनचा घोळ होतो. ती बॅटरी स्वस्तात मिळते. तिचा नंबर सीआर २०३२.

तिसरं, पाटी कोणाची आहे ते वाचा, मोबाइलवर फोटो काढा. अँटीव्हायरसची असेल तर तो काढून टाका, विंडोज १० आणि ११ मध्ये स्वतःचा पहारेकरी असतो. टॅलीची असेल तर नीट विचारा. टॅलीचं कायमचं विकत घेतलेलं लायसन संपत नाही, संपते ती नव्या सुधारणांची वर्गणी. पण ते लायसन जुन्या मालकाच्या नावावर असेल, तर ते आपलं होत नाही.

पाटी विंडोजची असेल तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. चौकट येईल. तिथे एसएलएमजीआर लिहा, एक जागा सोडा, मग तिरकी रेघ आणि एक्सपीआर. ‘पर्मनंटली अ‍ॅक्टिव्हेटेड’ आलं तर चिंता नाही. पुढची तारीख आली तर ते बहुधा कंपनीचं घाऊक लायसन असतं. असा संगणक दर १८० दिवसांच्या आत कंपनीच्या सर्व्हरला हजेरी देतो. आपल्या गावात तो सर्व्हर कुठून येणार? म्हणून सहा महिने नीट चालतो आणि मग अडतो.

आमचंही तेच निघालं. पण विंडोज ८ नंतरच्या बहुतेक ब्रँडेड संगणकांत मूळ लायसन आतच कोरलेलं असतं. त्याच प्रकारचं विंडोज पुन्हा टाकलं आणि नवं विकत न घेता काम झालं. ऑफिसऐवजी लिब्रे ऑफिस घेतलं. ते मोफत आहे, मराठीतही चालतं, एक्सेलच्या फाइली उघडतं. ताळेबंद वेळेवर गेला.

दोनशे-तीनशे रुपयांत ‘क्रॅक’ टाकून देतो, असं कोणी म्हटलं तर नाही म्हणा. त्यातून व्हायरस येतो. शिवाय जाणूनबुजून चोरीचा प्रोग्राम वापरणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब खाली गुन्हा आहे. पडद्यावरच्या नंबरला फोन करू नका, ओटीपी देऊ नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवा.

आणखी एक. विंडोज १० च्या नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. लायसन बरोबर असलं तरी अशा संगणकावर गटाचे बँक व्यवहार करू नका.

जुना संगणक घेताना पक्कं बिल मागा, त्यावर लायसन कोणतं ते लिहून घ्या, आणि ती तपासणी दुकानातच करा. बैल घेताना आपण दात बघतोच ना! आणि गटाची वही मात्र बंद करू नका.