अपूर्ण वंशावळ



मला बोलायला सांगितलं तेव्हा संयोजकांना वाटलं असेल, ही सॉफ्टवेअरवर बोलेल. पण मी आज राहून गेलेल्या एका गृहपाठाबद्दल बोलणार आहे.

आठवीत इतिहासाच्या सरांनी सात पिढ्यांची वंशावळ लिहून आणायला सांगितली होती. कोणी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीतून नावं आणली, कोणी जमिनीचे जुने फेरफार काढले. मी तीनच नावं लिहिली. वडील, आजोबा, पणजोबा. सरांनी लाल शाईने शेरा मारला, 'अपूर्ण'.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. वर्गात कोणी मला ख्रिश्चन समजायचं, कोणी मुसलमान. वडील मुंबईहून इथे एमआयडीसीतल्या कारखान्यात नोकरीला आले. बारामतीत आमचं एकच घर. सणाला आम्ही पुण्याच्या लाल देवळात, म्हणजे १८६७ साली बांधलेल्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगमध्ये जायचो. आमच्या उपाध्यायांची वही कुठे असते, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

बाबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत पणजोबांचा केतुबा सापडला. केतुबा म्हणजे लग्नाचा करारनामा. त्यात वराच्या आणि वधूच्या वडिलांची नावं असतात. चौथी पिढी हाती आली, खापरपणजोबा अब्राहम. मग मी माझ्या धंद्याप्रमाणे इंटरनेटवर शोध सुरू केला. अब्राहम नाव, आमचं आडनाव. निकाल शून्य.

शेवटी इस्राएलमधल्या आत्याला फोन लावला. वय नव्वदीला टेकलेलं, मराठी अस्सल अलिबागची. ती हसली. म्हणाली, "अगं, त्यांना अब्राहम कोण म्हणायचं? अबाजी म्हणायचे!"

तिथे मला माझी चूक कळली. आपल्या माणसांची नावं शेजारपाजारच्या तोंडात बसली होती. अब्राहमचा अबाजी, इसाकचा इसाजी, शमुवेलचा समाजी. मुंबई बेटावरचं आमचं पहिलं सिनेगॉग १७९६ साली सॅम्युअल इझिकेल दिवेकरांनी बांधलं. तेच समाजी हसाजी दिवेकर. पेणकर, रोहेकर, किहीमकर, चेऊलकर ही आडनावं म्हणजे सरळ गावाचा पत्ताच. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून कोकणात आम्हाला 'शनवार तेली' म्हणत. जुन्या कागदात शोधायचं तर या सगळ्या नावांनी शोधावं लागतं.

कोकणातून ही कुटुंबं नोकरीसाठी मुंबई बेटावर आली. म्हणून आमच्या माणसांचा माग तिथे जास्त लागतो. मांडवीचं ते जुनं सिनेगॉग, कबरस्तानं, आणि १८७५ साली हायम सॅम्युअल किहीमकरांनी सुरू केलेली शाळा. याच किहीमकरांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून ठेवला, तो छापला गेला १९३७ साली. ज्यांचे पूर्वज इंग्रजांच्या पलटणीत होते, त्यांना लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे कागदही पाहता येतात.

माझे अबाजी मात्र कोकणातच राहिले होते. अलिबाग तालुक्यात, आमच्या आडनावाच्या गावाजवळच्या कबरस्तानात, करवंदीच्या जाळीत त्यांचा दगड सापडला. वर हिब्रू, खाली मराठी. मराठी ओळीतला आकडा झिजला होता. हिब्रूत अक्षरांनाच किंमत असते. तव ४००, रेश २००, अयिन ७०, बेत २. बेरीज ६७२. हजाराचे ५,००० लिहीत नाहीत, म्हणून त्यात १,२४० मिळवायचे. १९१२, किंवा आदल्या वर्षाचे शेवटचे महिने, कारण ज्यू वर्ष साधारण सप्टेंबरात सुरू होतं. दगडाजवळ बसून मी ही बेरीज तीनदा केली.

शेजारच्या दगडावर फक्त 'अबाजी यांची बायको' एवढंच होतं. नाव नाही.

हे मला का लागलं, ते सांगते. १९६२ साली इस्राएलमधल्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या लग्नाआधी आईकडच्या पिढ्या तपासा, असा आदेश काढला. आई, आजी, पणजी, जमेल तितकं मागे. लोकांनी आंदोलनं केली. १९६४ मध्ये तिथल्या सरकारने आम्ही सर्व बाबतींत ज्यू आहोत असं जाहीर केलं, तेव्हा तो प्रश्न मिटला. आत्याचं लग्न त्याच काळातलं. तिला आईकडची नावं सांगावी लागली होती, म्हणून ती तिला पाठ होती. ज्या बायकांची नावं दगडावरही कोरली नाहीत, त्यांचीच नावं तिच्याकडे मागितली गेली होती.

मी फोनवर विचारलं, अबाजींच्या बायकोचं नाव काय? ती म्हणाली, "माहेर रेवदंड्याचं. नाव सांगते, पण आता दमले गं. शनिवार उतरला की कर फोन."

त्या आठवड्यात माझ्या प्रोजेक्टचं रिलीज होतं. शनिवार गेला, पुढचाही गेला. तिसऱ्या आठवड्यात भावाचा मेसेज आला, आत्या गेली.

सर, आज तुम्ही समोर बसला आहात. वंशावळ आणली आहे. सात पिढ्या नाहीत, पाच आहेत. अबाजींच्या शेजारी एक चौकट रिकामी आहे, तिच्यात फक्त 'माहेर रेवदंडा' लिहिलं आहे. तुमचा शेरा आजही बरोबर ठरेल.

मित्रमैत्रिणींनो, कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत. घरी गेल्यावर आज रात्रीच आईला किंवा मावशीला तिच्या आजीचं नाव विचारा. माहेरच्या नावासकट. आणि लगेच लिहून ठेवा.